तुलना करावीच, पण कोणाशी?

जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने आठव्या वेतन आयोगाची घोषणा केली आणि मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचाऱ्यांनी केलेल्या संपाच्या वेळी महाराष्ट्राने ऐकलेला वाद पुन्हा जसाच्या तसा सुरू झाला. खासगी नोकरीतला माणूस म्हणतो, ‘आमच्या करातून तुमचे पगार, मग पेन्शनही तुम्हालाच कशाला?’ सरकारी नोकर उत्तर देतो, ‘परीक्षा तुम्हालाही खुली होती, पास झाला नाहीत म्हणून आता जळता.’ दोघांना गप्प करायला कोणी वडीलधारा पुढे येतो आणि सांगतो की ज्याने त्याने आपल्या नशिबाचे खावे, दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये. मला या तिघांचेही म्हणणे चुकीचे वाटते, आणि सर्वांत जास्त त्या वडीलधाऱ्याचे. पगाराची, सुट्यांची, म्हातारपणाच्या तरतुदीची तुलना करणे हा दुर्गुण नाही. तुलना अवश्य करावी आणि उघडपणे करावी. मात्र ती आधी आपल्यासारखेच काम करणाऱ्याशी करावी, आणि ‘त्याचे कमी करा’ म्हणण्याआधी ‘माझे कमी का’ हे विचारावे. आज पेशाची तुलना पेशाशी होते, आणि त्या गदारोळात एकाच कामाला दोन भाव लावण्याची जी पद्धत आपल्याकडे रुजली आहे, तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

ताटात डोकावू नये हा उपदेश जुना आहे. बलुतेदारीत तर तो नियमच होता. खळ्यावर रास पडली की कोणाला किती धान्य जायचे हे थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळींनी ठरलेले असे, आणि कोण कोणत्या ओळीत हे जन्माने ठरलेले असे. त्याला जास्त आणि मला कमी का, हा प्रश्न विचारायला त्या व्यवस्थेत जागाच नव्हती. रोख पगाराची नोकरी आली तेव्हा ती जागा तयार झाली, आणि प्रश्न विचारला गेला. कचेरीतल्या कारकुनाला रविवार मिळत होता, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभ्या असलेल्या माणसाला मिळत नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी ती मान्य करून घेतली. पुढे १९७७ च्या डिसेंबरात र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचाऱ्यांनी ५४ दिवसांचा संप केला. त्यांची मुख्य मागणी केंद्राच्या कर्मचाऱ्यांइतक्या महागाई भत्त्याची होती. महागाई दिल्लीच्या नोकरासाठी एक आणि मुंबईच्या नोकरासाठी दुसरी नसते, एवढाच त्यांचा युक्तिवाद. या दोन्ही लढ्यांमधून तुलना वजा केली, तर मागे काय उरते?

न्यायालयांतही हेच घडले. दिल्ली पोलिसांतल्या रणधीर सिंह या चालक-शिपायाने इतर सरकारी खात्यांतल्या चालकांच्या वेतनश्रेणीकडे बोट दाखवले, आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘समान कामाला समान वेतन’ हे संविधानाचे उद्दिष्ट असल्याचे सांगून त्याला न्याय दिला. पाच वर्षांनी आला तो खटला तर मुंबईचाच होता आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत ऑड्री डिकॉस्टा लघुलेखिका होत्या. पुरुष लघुलेखकांपेक्षा आपल्याला कमी पगार मिळाला, अशी त्यांची तक्रार होती. कंपनीचे म्हणणे असे की या बायका वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या खास लघुलेखिका, त्यांचा वर्गच निराळा, शिवाय हे वेतन कामगार संघटनेशी झालेल्या कराराप्रमाणेच ठरले आहे, आणि फरक भरून द्यायची आता कंपनीची ऐपत नाही. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यांतले एकही कारण मानले नाही. वर्गाचे नाव बदलल्याने काम बदलत नाही, आणि समान वेतनाचा कायदा मालकाची ऐपत पाहून लागू होत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. वर्गाला वेगळे नाव देणे, संघटनेची संमती दाखवणे आणि ऐपतीकडे बोट करणे, या तीन सबबी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत, कारण आजही त्याच वापरात आहेत.

आता तुलनेच्या विरोधात जे खरोखर वजनदार आहे, ते मान्य केले पाहिजे. पहिला आक्षेप असा की दोन वेगळ्या पेशांची तुलना होऊच शकत नाही. यात बरेच तथ्य आहे, आणि ते मी घरातच पाहिले. गेल्या दिवाळीत आमच्याकडे जेवणानंतर असाच विषय निघाला. माझे दाजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, २००५ नंतर लागलेले. मावसभाऊ हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत. ‘दाजी, तुमचं बरं आहे, मे महिना सुटी आणि वर पेन्शन,’ असे तो म्हणाला आणि दाजी चिडले. शेवटी दोघांनीही आपापल्या मोबाइलवर पगाराची चिठ्ठी उघडली. मावसभावाचे पॅकेज वर्षाला नऊ लाखांचे, म्हणजे ऐकायला महिना पंचाहत्तर हजार. पण त्यातच कंपनीच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी धरलेला, पाच वर्षे टिकला तरच मिळेल ती ग्रॅच्युइटी धरलेली, आणि दहा टक्के रक्कम वर्षाअखेरीस साहेबांच्या शेऱ्यावर अवलंबून. त्याचा स्वतःचा निधी कापून हातात येतात छप्पन हजारांच्या आसपास. दाजींच्या चिठ्ठीत मूळ वेतन, त्याच्या निम्म्याहून अधिक महागाई भत्ता, घरभाडे भत्ता. आणि २००५ नंतर लागलेल्यांना बंद झालेली जुनी पेन्शन नाही, तर राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेसाठी त्यांचे दहा टक्के कापलेले, सरकारचे चौदा टक्के वेगळे. याखेरीज चिठ्ठीत कुठेच न दिसणारी गोष्ट अशी की नोकरीची पहिली तीन वर्षे त्यांनी ‘शिक्षणसेवक’ म्हणून महिना सहा हजारांच्या मानधनावर काढली होती. यांत कोणाचे जास्त? सव्विसाव्या वर्षी विचारले तर उत्तर एक येईल आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी विचारले तर दुसरे. प्रकल्प संपला की मावसभावाला ‘बेंच’वर, म्हणजे कामाविना, बसवतात आणि तो रात्री झोपत नाही, दाजींची बदली होते, निवडणूक आणि जनगणनेची कामे मानगुटीवर बसतात, पण उद्या नोकरी असेल की नाही ही धास्ती त्यांना कधी वाटलेली नाही. त्या निर्धास्तपणाची रुपयांत किंमत कशी काढायची? निर्णायक उत्तर कोणाकडेच नसते, आणि म्हणून पेशाची पेशाशी तुलना बहुतेक वेळा भांडणावर संपते.

दुसरा आक्षेप इतिहासातून येतो आणि तो अधिक कडू आहे. १९७० च्या दशकात कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांनी मुंबई-ठाण्याच्या अभियांत्रिकी कारखान्यांत घसघशीत पगारवाढी मिळवून दिल्या. कधी काळी आपला पगार इतरांपेक्षा बरा, असे मानणारा गिरणी कामगार त्या आकड्यांकडे पाहू लागला, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार सामंतांच्या मागे संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही, गिरणगावच संपले. तुलनेने घात केला, असे म्हणणारे इथे बोट ठेवतात. दुसऱ्या उद्योगाचा पगार मागताना आपल्या उद्योगाची प्रकृती पाहिली नाही, हे मलाही नाकारता येत नाही. पण त्या संपात आणखी एक तुलना होती, जिची आठवण कमी निघते. बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या दारात उभा राहायचा, जागा रिकामी असेल तर त्याच साच्यावर तेच कापड विणायचा, नसेल तर परत जायचा. आणि अशी वर्षांमागून वर्षे जाऊनही कायम व्हायचा नाही. अभियांत्रिकी कामगाराशी केलेली तुलना वादग्रस्त असेल, पण बदलीवाल्याने शेजारच्या साच्यावरच्या कायम कामगाराशी केलेली तुलना चूक होती, असे कोण म्हणेल?

तिसरा आक्षेप करदात्याचा, आणि आजच्या वादाचे खरे बळ त्यात आहे. सातव्या वेतन आयोगाने अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेकडून सरकारी आणि खासगी पगारांचा अभ्यास करून घेतला, तेव्हा सर्वांत खालच्या स्तरावरच्या सरकारी मदतनिसाला खासगीतल्या त्याच्यासारख्या माणसाच्या दुपटीहून अधिक मिळते, असे दिसून आले. म्हणजे खासगीतला माणूस उगाच ओरडत नाही. सरकारी नोकरीची ओढही डोळ्यांनी दिसते: २०२४ च्या पोलीस भरतीत सतरा हजारांवर जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. मार्च २०२३ च्या संपाच्या वेळी ‘निम्म्या पगारात काम करायला आम्ही तयार आहोत’ असे म्हणणारी तरुण मुले होती, आणि त्यांच्या तोंडून ते ऐकताना गलबलून येत होते. राज्याच्या तिजोरीला मर्यादा आहेत, आणि आजच्या नोकरांच्या पेन्शनचा भार ज्यांना स्वतःला कसलीच पेन्शन नसेल अशा उद्याच्या करदात्यांवर कुठलीही तरतूद न करता टाकणे मला न्याय्य वाटत नाही. जुनी योजना आहे तशी परत आणावी, या मताचा मी नाही.

पण दुप्पट या शब्दापाशी थांबून विचार केला पाहिजे. सरकारी सेवेतले किमान १८,००० रुपये सातव्या आयोगाने हवेतून आणले नव्हते. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कसे काढावे याची पद्धत घालून दिली होती: एका कुटुंबात तीन खाणारी तोंडे धरावीत, प्रत्येकाला आहारतज्ज्ञ डॉ. ॲक्रॉइड यांच्या हिशेबाने रोजचे २,७०० उष्मांक मिळावेत, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, डोक्यावर छप्पर, चुलीला इंधन, घरात दिवा. पुढे सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी आणि सणवार यांची भर घालायला सांगितले. डाळ, तांदूळ, दूध, भाजी यांच्या भावांनी गुणून आयोग त्या आकड्यापर्यंत पोचला. तेव्हा सरकारी शिपायाला मिळते ती चैन नाही. देशाने स्वतःच ठरवलेला तो जगण्याचा तळ आहे. मग त्या अभ्यासाचा अर्थ शिपाई दुप्पट घेतो असा लावायचा, की खासगीतला मदतनीस गरजेच्या निम्म्यावर राबतो असा? दोन्ही वाक्ये एकाच आकड्यातून निघतात. पहिले आपल्याला चटकन सुचते आणि दुसरे सुचत नाही, इथेच या वादाचे बिनसले आहे. इचलकरंजीतल्या छोट्या यंत्रमागधारकाला सरकारी श्रेणीचा पगार परवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. ते परवडावे यासाठी सूत, वीज आणि कर्ज यांचे काय करायचे, हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. पण त्याला परवडत नाही म्हणून जिल्हा रुग्णालयातल्या सफाई कामगाराचा पगार उतरवल्याने इचलकरंजीतल्या कामगाराच्या हातात एक रुपयाही वाढणार नाही.

पेन्शनबाबतही असेच. खासगी, सहकारी आणि निमसरकारी आस्थापनांतल्या कामगारांसाठी नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी पेन्शन योजना आहे. तिच्यात पगार १५,००० रुपयांपर्यंतच धरला जातो; त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे. पस्तीस वर्षे राबलेल्या माणसाचे या हिशेबाने साडेसात हजार होतात. किमान पेन्शन २०१४ पासून महिना एक हजार रुपये आहे. साखर कारखान्यांतून, एसटीतून निवृत्त झालेली माणसे या योजनेत आहेत, आणि तिच्यातल्या पेन्शनरांनी बुलढाण्यात वर्षानुवर्षे साखळी उपोषण चालवले. ‘खासगीवाल्याला पेन्शन नाही’ असे संपकऱ्यांना सुनावणाऱ्यांपैकी किती जण त्या मंडपात जाऊन बसले? शिक्षकाची पेन्शन बंद झाल्याने साखर कारखान्यातल्या निवृत्त फिटरचे एक हजाराचे अकराशे होतात काय?

याउलट उदाहरण त्याच मार्च २०२३ मध्ये घडले. राज्य कर्मचाऱ्यांचा संप चालू असताना दिंडोरीहून हजारो शेतकरी मुंबईच्या दिशेने पायी निघाले होते. कांदा मातीमोल झाला होता, अवकाळी पावसाने पिके झोडपली होती आणि संपामुळे पंचनामे अडले होते. कर्मचाऱ्यांवर राग काढायला याहून सबळ कारण कोणाला मिळणार? तरीही त्या मोर्चाच्या मागण्यांत कांद्याला अनुदान, वनजमिनी, वीज यांच्या जोडीला २००५ नंतरच्या कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन द्या, हीही मागणी होती. ती मागणी आर्थिकदृष्ट्या योग्य की अयोग्य, हे बाजूला ठेवू. ज्यांना पेन्शन म्हणजे काय ते आयुष्यात कळणार नाही, त्यांनी दुसऱ्याच्या पेन्शनकडे कसे पाहिले, हे मात्र मला महत्त्वाचे वाटते.

आता ज्यासाठी हे सारे लिहायला घेतले, त्याकडे येतो. माझी धाकटी मावसबहीण एका सरकारी रुग्णालयात राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली कंत्राटी परिचारिका आहे. तिच्या वॉर्डात रात्रपाळीला दोघी असतात, एक कायम आणि एक ही. गणवेश एकच, औषधांची ट्रॉली एकच, सलाइन लावण्याचे, ताप टिपण्याचे, बाळंतिणीला उठवून बसवण्याचे काम एकच. रात्री अडीच वाजता खाट क्रमांक अकराच्या नातेवाइकाची शिवी पडते तीही दोघींना सारखीच. हजेरीच्या वह्या मात्र दोन आहेत. हिला सोबतिणीच्या निम्म्याहून कमी पगार मिळतो, आणि करार ठरावीक महिन्यांनी एक-दोन दिवसांचा खंड देऊन नव्याने होतो. संपाच्या आठवड्यात कायम परिचारिका बाहेर होत्या आणि वॉर्ड हिच्यासारख्यांनी चालवला. ‘दादा, त्या परत आल्या तेव्हा मला हसावं की रडावं कळेना,’ असे ती म्हणाली होती. इथे तुलना करायला कौशल्याचा, बाजारभावाचा, जोखमीचा कोणताही गुंता नाही. एकच काम आहे आणि त्याचे दोन भाव आहेत. ऑड्री डिकॉस्टांच्या कंपनीने वर्गाचे नाव बदलले होते. आपण ‘कंत्राटी’, ‘मानसेवी’, ‘तासिका तत्त्वावर’ अशी नावे काढली आहेत. अंगणवाडी सेविकेला आपण सेविका म्हणतो, आशाला स्वयंसेविका म्हणतो, आणि या नावांमुळे त्यांच्या पगाराला मानधन म्हणण्याची सोय होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाबच्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सांगितले की तेच काम करणाऱ्याला नियमित पदाच्या वेतनश्रेणीचे किमान वेतन मिळालेच पाहिजे, आणि २०२२ मध्ये अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निर्णय दिला. तरीही महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून अधिक दिवस संपावर राहावे लागले. सप्टेंबर २०२३ मध्ये तर नऊ खासगी संस्थांमार्फत सरकारी कामांसाठी कंत्राटी माणसे घेण्याचा शासन निर्णय निघाला होता. तरुणांचा रोष पाहून तो पुढच्याच महिन्यात रद्द करावा लागला. निर्णय रद्द झाला, पण पद्धत तशीच राहिली.

कायम कर्मचाऱ्यांच्या संघटनांनाही यातून सुटका नाही. मार्चच्या संपाच्या मागण्यांत कंत्राटींना कायम करण्याचे कलम होते, हे खरे आहे. पण घोषणा ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ हीच होती आणि वाटाघाटी तिच्यावरच झाल्या. आपल्याच वॉर्डात, आपल्याच शाळेत निम्म्या पगारावर राबणारी बाई आपल्या घोषणेत नसेल, तर रस्त्यावरचा माणूस आपल्या बाजूने का उभा राहील? कायम पदांची भरती आटते आणि कंत्राटी वाढतात, तसतसे कायम नोकरांचे संख्याबळही घटत जाते. शेजारणीशी तुलना टाळून त्यांनी स्वतःचेच नुकसान करून घेतले आहे.

आणि एक गोष्ट. सगळी तुलना सरकारी पगारापासून सुरू होते, कारण तेवढाच पगार उघड असतो. श्रेणी छापलेली असते, भत्त्याचा शासन निर्णय कोणीही वाचू शकतो. खासगीत मात्र नेमणूकपत्रातच लिहिलेले असते की पगार सहकाऱ्याला सांगू नये. त्यामुळे पाच वर्षे इमाने काम केलेल्या मुलीला कळतही नाही की तिच्या हाताखाली काल आलेल्या मुलाला तिच्याहून जास्त मिळते. ते तिला चुकून कळते, एखाद्या लग्नात किंवा राजीनाम्याच्या दिवशी. जाहिरातीतच पगाराची पट्टी छापण्याची सक्ती झाली, तर खासगी नोकरदाराला तुलना करायला शिक्षकाच्या दारात जावे लागणार नाही. शेजारचे टेबल पुरेल.

त्या दिवाळीच्या रात्री दाजी आणि मावसभाऊ यांचे भांडण काही मिटले नाही. पण दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या तेव्हा कपातीतली एक ओळ तंतोतंत सारखी निघाली: व्यवसाय कर, दोनशे रुपये. फेब्रुवारीत तीनशे कापतात, एवढेच दोघांना माहीत होते. महाराष्ट्राने तो कर १९७५ मध्ये लावला तो रोजगार हमी योजनेसाठी, म्हणजे पगारदारांच्या पैशातून दुष्काळी गावांत खडी फोडणाऱ्या, बांध घालणाऱ्या बाया-माणसांना काम मिळावे म्हणून. आणि त्या कामावर बाई आणि पुरुष यांना दर एकच होता. हे मी सांगत असताना मावसबहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिची चिठ्ठी पाहू म्हटले तर तिच्याकडे चिठ्ठी नव्हती, बँकेचा संदेश तेवढा होता. व्यवसाय कर तिच्या पगारातून कापला जात नाही. महिलांना तो महिना पंचवीस हजारांपर्यंत माफ आहे आणि तिचा पगार तिथवर पोचत नाही.